मास्क, फिन, वेट बेल्ट आणि शेवटी गन : सोलापुरात राहून घेतलेल्या स्पिअरफिशिंगच्या सामानाचा वापरानंतरचा अनुभव

दिवाळीच्या आसपास घेतलेलं सामान आहे, आता पावसाळा तोंडावर आलाय, म्हणजे थंडी आणि ऊन दोन्ही बघून झालंय त्यानं, म्हणून आता लिहायलोय. स्पिअरफिशिंग म्हणजे श्वास रोखून पाण्याखाली जायचं आणि बाण सोडणाऱ्या गननं मासा मारायचा. सामान म्हणजे लो व्हॉल्यूम मास्क, साधा वाकडा स्नॉर्कल (श्वास घ्यायची नळी), लांब पात्याचे प्लास्टिकचे फिन (पायात घालायची वल्ही), ३ मिमीचा दोन तुकड्यांचा वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट), रबरी वेट बेल्ट (शिशाचं वजन लावायचा पट्टा), लाल फ्लोट आणि त्याची दोरी, आणि ७५ सेंमीची रबरवाली स्पिअरगन. गन चौघांत मिळून घेतली, बाकीचं ज्याचं त्याचं. "सोलापुरात कुठला समुद्र बे" हे सगळ्यांचं विचारून झालंय, घरच्यांचं तर अजून चालू आहे, त्यामुळे ते सोडून बोलू.

आधी निकाल सांगतो म्हणजे ज्याला वेळ नाही त्याचं काम होईल. पैसे घालायचेच असतील तर मास्कवर घाला, मग बेल्टवर, मग फिनवर, फ्लोट तर पाहिजेच पाहिजे, आणि गन सगळ्यात शेवटी. आमच्यात उलटं चाललं होतं, सगळे व्हिडिओ बघून गनच्याच मागं, कुठली लांब कुठली भारी. पण पाण्याखाली गेल्यावर कळतं की मासा गनमुळे मिळत नाही, तुम्ही खाली किती निवांत पडून राहता त्यावर मिळतो, आणि निवांतपणा मास्क-फिन-बेल्ट नीट बसण्यातून येतो.

मास्क. हा लय म्हणजे लयच चांगला निघाला. लो व्हॉल्यूम म्हणजे काच डोळ्याच्या अगदी जवळ, आत हवा कमी. त्याचा फायदा असा की खाली जाताना पाण्याचा दाब मास्क तोंडावर आवळतो, तेव्हा नाकातून थोडी हवा आत सोडावी लागते, हवा कमी लागली की तेवढा श्वास वाचतो. पोहण्याचा गॉगल घेऊन खाली जायचं डोक्यात असेल तर काढून टाका, त्याच्यात नाक बाहेर असतं, हवा सोडायला जागाच नाही, डोळे रक्ताळून वर याल. नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातला एक थर असतो त्यामुळे सारखी वाफ धरते, साधी पांढरी टूथपेस्ट घेऊन बोटानं आतून चार-पाच वेळा घासून धुतल्यावर गेली. त्यानंतर दरवेळी आत थुंकायचं, चोळायचं, विसळायचं. घाण वाटतं पण यापेक्षा चांगला उपाय अजून सापडला नाही. आणि मिशी असेल तर पाणी शिरणार, नाकाखालची पट्टी तेवढी भादरा, आमच्यातला एक जण अजून त्याला तयार नाही आणि दर डुबकीला मास्क रिकामा करत बसतो.

फिन. प्लास्टिकचे घेतले, फायबर कार्बनच्या भानगडीत पडलो नाही कारण बोटीत आपटतात, खडकाला घासतात, फुटले की रडत बसायचं. पातं थोडं कडक आहे, पहिल्या पहिल्यांदा पोटऱ्यांत असे गोळे यायचे की जिना उतरता यायचा नाही. नंतर सवय झाली. पाय घालायचा रबरी भाग निओप्रीनचे (वेटसूटच्याच रबरी कापडाचे) मोजे घालूनच मापाचा घ्या, नुसत्या पायानं माप घेतलं तर मोजे घालून बसत नाही आणि मोजे नाही घातले तर टाचेवर फोड. पाय गुडघ्यातून न मारता कमरेतून मारायचा, सायकल चालवल्यासारखा मारला की नुसता फेस होतो आणि माणूस जागेवर.

सराव कुठं केला हे विचाराल, तर हिवाळ्यात पोहण्याच्या तलावात, सकाळच्या बॅचला, आणि उन्हाळ्यात मोहोळकडं मित्राच्या शेतातल्या विहिरीत. तलावात लांब फिन घालू देत नव्हते, पोरांना लागतात म्हणून, बरोबरच आहे त्यांचं. विहीर मात्र भारी जागा. आमच्याकडची अर्धी पोरं विहिरीतच पोहायला शिकलेली, पाठीला डबा बांधून. चार परस पाणी (परस म्हणजे माणसाच्या उंचीएवढं), वरचं कोमट आणि खाली अचानक गार, आणि एका परसाच्या खाली हिरवट काळोख, स्वतःचा हात दिसत नाही. कोकणातला समुद्रही लक्षद्वीपसारखा निळाशार नसतो, गढूळच असतो बऱ्यापैकी, त्यामुळे ही सवय तिथं कामाला आली. पण विहिरीत एकट्यानं कधीच उतरायचं नाही, वर कट्ट्यावर एक आणि पाण्यात वरती एक, मध्ये दोर सोडलेला, असंच.

आता बेल्ट, कारण इथं सोलापूरवाल्यांसाठी खरी गंमत आहे. कापडी नायलॉनचा बेल्ट घेऊ नका, रबरी घ्या. खाली गेल्यावर दाबानं सूट पातळ होतो, पोटही आत जातं, नायलॉनचा ढिला होऊन छातीकडं सरकतो, रबरी ताणून बांधलेला असतो त्यामुळे तो बरोबर आवळत राहतो. बक्कल एका झटक्यात सुटणारं पाहिजे, आणि उजव्या-डाव्या दोन्ही हातानं डोळे मिटून सोडायची सवय पाहिजे, कारण अडचण आली तर पहिलं काम बेल्ट टाकणं. शिशाचे तुकडे परत मिळतात.

वजन किती, तर विहिरीत जमवलेलं वजन समुद्रात चालत नाही. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड, म्हणजे अंगासकट सामान ८० किलो धरलं तर समुद्र तुम्हाला दोन किलो जास्त वर उचलणार. आम्ही हा हिशोब घरीच केला आणि दोन किलोचे जास्तीचे तुकडे बरोबर नेले, बरोबर बसलं. तपासायची पद्धत अशी की पाण्यात उभं राहायचं, हातपाय हलवायचे नाहीत, साधा श्वास सोडायचा, पाणी डोळ्यापर्यंत यावं आणि तिथंच थांबावं. त्याच्याही खाली गेलात तर वजन काढा, लाजू नका. कमी वजनानं खाली जायला कष्ट पडतात एवढंच, जास्त वजनानं वर यायला पडतात.

वेटसूट हा एकच भाग जो सोलापुरात घालून बघणं म्हणजे शिक्षा आहे. मार्चमध्ये गच्चीवर मापाला घातला तर घामानं आतच पोहायला लागलो, काढायला दोघं लागले. साबणाचं पाणी आत ओतून घातला तर सरसर चढतो. समुद्राचं पाणी तसं कोमट असतं, पण तासनतास पाण्यात पडून राहिलं की थंडी वाजतेच, शिवाय खडकाच्या शिंपल्या, जेलीफिश यापासून अंग वाचतं. कोपराचा कपडा थोडा उसवलाय, छातीवर गन टेकवायची जाडी पट्टी मात्र चांगली टिकली. त्रास आहे तो धुण्याचा. मीठ राहिलं की सूट, बक्कल, गनचा ट्रिगर सगळ्याची वाट लागते, त्यामुळे आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून ठेवावं लागतं, आणि आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसाआड पाणी! आईनं टबकडं बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं. आता येताना वाटेतच कोल्हापूरच्या अलीकडं मित्राच्या मेव्हण्याच्या मळ्यात मोटारीखाली सगळं धुवून घेतो, घरी वाळवण फक्त. तेही सावलीत, उन्हात निओप्रीन कडक होतं.

गनबद्दल सांगण्याआधी तो दिवस सांगतो कारण गन खरी तिथंच कळली. रात्री सोलापुरातून निघालो, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबोली करत पहाटे वेंगुर्ल्याकडं. मालवणचा किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथं असलं काही करायचं नाही, मास्क लावून बघायला जा खुशाल. आम्ही आधी मत्स्यव्यवसाय खात्याच्या ऑफिसात जाऊन कुठं चालतं कुठं नाही ते विचारलं होतं आणि बोट तिथल्याच मासेमारी करणाऱ्या काकांची घेतली, तेच सोबत. किनारा बारीक रेघ होईपर्यंत बाहेर गेल्यावर पाण्याचा रंग बदलला, काका म्हणाले "हयच आसा खडप", खाली बघितलं तर काही नाही, नुसतं हिरवं. खाली गेल्यावर सात-आठ मीटरवर काळे दगड, त्यांच्या कपारी, वरून बारक्या माशांचा थवा.

नियम ठरलेला होता, एक खाली तर एक वर, तीन पाण्यात असले तरी खाली एकच. जो वर आला त्याच्याकडं पुढचं अर्धं मिनिट बघत राहायचं, बोलतोय का, श्वास नीट घेतोय का, कारण शुद्ध हरपते ती बहुतेक वर येताना शेवटच्या काही मीटरमध्ये नाहीतर वर आल्यावर. आणि खाली जायच्या आधी जोरजोरात श्वास घ्यायचे नाहीत. त्यानं ऑक्सिजन वाढत नाही फारसा, कार्बन डायऑक्साइड तेवढा कमी होतो आणि श्वास घ्यावासा वाटण्याची जी घंटी असते तीच वाजत नाही. जेवढा वेळ खाली त्याच्या निदान दुप्पट वर विश्रांती. आमच्यातला पॉवरलूमवाला मित्र याबाबतीत हेडमास्तर आहे, घड्याळ बघून सोडतो, शिव्या खातो, पण त्याच्याशिवाय मी जाणार नाही.

गन भरायची पाण्यातच, बोटीत कधीच नाही. दांड्याची मागची बाजू छातीच्या पट्टीवर टेकवायची, दोन्ही हातानं रबर धरून एका दमात ओढायचं आणि मधली तार शाफ्टच्या (म्हणजे लोखंडी बाणाच्या) खाचेत बसवायची. लिहायला सोपं आहे. पाण्यात तरंगत, लाटेवर, फिन घातलेल्या पायांनी तोल सांभाळत हे करताना पहिल्यांदा रबर अर्ध्यावरून सुटतं आणि बोटं झणझणतात. ७५ सेंमी आमच्या पाण्यासाठी पुरेशी आहे, दिसतंच तीन-चार मीटर तर लांब गन घेऊन करणार काय, कपारीत ती वळत पण नाही.

मासा तर मी सोडलेल्या पहिल्या दोन बाणांना नुसता बाजूला झाला. मग कपारीच्या बाजूला दगडाला धरून पडून राहिलो, स्नॉर्कल तोंडातून काढलेला, बुडबुडा नाही. गोबरा (ग्रुपर जातीचा मासा) आधी दिसतच नाही, दगडाचाच तुकडा वाटतो, मग त्या तुकड्याला कल्ला हलताना दिसतो. तोंड माझ्याकडं, डोळा गोल फिरवून मला बघायला लागलेला, मागं सरकेना पुढं येईना. बाण कल्ल्याच्या मागं लागला. पाण्यात सगळं जवळ आणि एक तृतीयांश मोठं दिसतं, मला वाटलं तीन किलो तरी असेल, बोटीत काकांनी हातात घेतला आणि "दीड, लय झालो" म्हणाले. मित्राला एक तांबोशी मिळाली, ती माझ्यापेक्षा मोठी, ते तो अजून सांगत फिरतोय. मासा न ओळखता बाण सोडायचा नाही, जायंट ग्रुपर, व्हेल शार्क, समुद्री घोडे, समुद्री काकड्या यांना कायद्यानं संरक्षण आहे. आणि जेवढं खाणार तेवढंच. दुपारी वारा सुटला, काका म्हणाले आता चला, लगेच निघालो, त्यात वाद नाही. बोटीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, हलत्या बोटीत ज्यांना काहीच पोटात राहत नव्हतं त्यांनाही तेवढी राहिली.

फ्लोटचं विसरत होतो. लाल रंगाचा, त्यावर झेंडा, गनला दोरीनं बांधलेला. पर्यटकांच्या बोटी फिरत असतात, त्यांना पाण्याखालचा माणूस दिसत नाही, फ्लोट दिसतो. थकला की धरून राहायलाही होतो. सगळ्यात स्वस्त वस्तू आणि तीच नसेल तर मी पाण्यात उतरत नाही. झेंड्याची काठी तेवढी पातळ आहे, वाऱ्यात वाकते, मी बांबूची बसवली.

आता गनची तक्रार. शाफ्ट चांगला आहे, दगडावर आपटून टोक बोथट झालं, कानशीनं घासून घेतलं. ट्रिगर व्यवस्थित, सेफ्टी थोडी घट्ट. रबर मात्र उन्हाळ्यात गेले. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत सामान असतं, बाहेर ४३-४४ अंश, आत काय असेल विचार करा, एप्रिलमध्ये काढून बघितलं तर रबरावर बारीक भेगा, ताणून बघितलं तर भेगा उघडल्या. हे रबर लॅटेक्सचं असतं, ऊन आणि उष्णता त्याची वैरी, कंपनी कुठलीही असो. भेगा पडलेलं रबर वापरायचं नाही, तुटलं तर तोंडावर येतं. आता नवीन जोडी टाल्कम पावडर लावून, काळ्या पिशवीत, खाली धान्याच्या कोठीमागं ठेवायचं ठरलंय, तिथंच काय ते गार असतं.

जून-जुलैमध्ये आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते आणि नंतरही समुद्र बरेच दिवस गढूळच, त्यामुळे नवे रबर मी ऑक्टोबरशिवाय मागवत नाही. कुणाला ४३ नंबरचे फिन पायात घालून बघायचे असतील तर येताना मोजे स्वतःचे आणा.