मेटॅलिक हार्डकोरची पहिली रेकॉर्ड: नॉक्ड लूज, नेल्स, स्पीड की जीझस पीस?

मेटलमध्ये पँटेरा झालं, सेपल्चुरा झालं, लॅम्ब ऑफ गॉड तर कॉलेजातच पाठ झालं. आता हार्डकोर (म्हणजे पंकचं जास्त वेगवान, जास्त आक्रमक रूप) ऐकायचंय, सुरुवात कशापासून करू? असं विचारलं की जुने जाणते लोक हमखास मागे पाठवतात. क्लीव्हलंडच्या इंटेग्रिटीची १९९१ची 'दोज हू फिअर टुमॉरो' ऐक, मग सिरॅक्यूजच्या अर्थ क्रायसिसची १९९५ची 'डिस्ट्रॉय द मशीन्स', मग कन्व्हर्जची २००१ची 'जेन डो', आणि मग ये आमच्याशी बोलायला. यादी बरोबर आहे, पण क्रम माझ्या मते उलटा हवा. नव्वदीतल्या बऱ्याच रेकॉर्डचा आवाज आज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पातळ वाटतो. त्यांनी काय मोडलं हे कळायला आधी काय होतं ते माहीत असावं लागतं. नव्या रेकॉर्डचं तसं नाही. बँड चालू आहेत, दौरे करताहेत, आणि रेकॉर्ड कानात घातल्या घातल्या काम सुरू करते.

म्हणून इथे २०२३ आणि २०२४ मधल्या चार रेकॉर्ड घेतल्या आहेत. चारही अर्ध्या तासाच्या आत संपतात. चारही हार्डकोर पंकच्या मुळातून आलेल्या आहेत आणि चौघांच्याही गिटारमध्ये मेटल भरलेलं आहे, म्हणूनच मेटॅलिक हार्डकोर. तरी त्या एकाच माणसासाठी नाहीत.

त्यांच्यातला फरक ओळखायला माझी एकच कसोटी आहे: ब्रेकडाउन. गाणं सुसाट पळत असतं, मध्येच त्याचा वेग निम्म्यावर येतो, गिटार सगळ्यात जाड तारेवर तळव्याने दाबून तुटक वाजू लागते आणि बास ड्रम तिच्या प्रत्येक ठोक्याला चिकटतो. प्रत्यक्ष कार्यक्रमात याच क्षणी स्टेजसमोरची जागा, म्हणजे पिट, मोकळी होते आणि हातपाय फिरू लागतात. मेटलचं वजन आणि पंकची गर्दी एकमेकांना भेटतात ती ही जागा. बँड या जागेचं काय करतो ते पाहिलं की निम्मा निर्णय तिथेच होतो.

नॉक्ड लूज: 'यू वोन्ट गो बिफोर यू'र सपोज्ड टू' (मे २०२४, लेबल: प्युअर नॉइज)

केंटकी राज्यातल्या ओल्डम काउंटीचा हा बँड २०१३पासून आहे. 'लाफ ट्रॅक्स' (२०१६) आणि 'अ डिफरंट शेड ऑफ ब्लू' (२०१९) या दोन रेकॉर्डवर तो हार्डकोरवाल्यांचा लाडका झाला. २०२३ला कॅलिफोर्नियातल्या कोचेला या मोठ्या संगीत महोत्सवाच्या स्टेजवर पोहोचला, आणि या तिसऱ्या रेकॉर्डने त्याला थेट टीव्हीवर नेलं. गायिका पॉपीला सोबत घेऊन केलेलं 'सफोकेट' जिमी किमेलच्या कार्यक्रमात वाजलं, शिवाय ग्रॅमीच्या मेटल विभागात त्याला नामांकनही मिळालं. बक्षीस फ्रान्सच्या गोजिरा या बँडकडे गेलं, पण पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनात वाजलेल्या गाण्यापुढे आणखी काय होणार होतं!

दहा गाणी, सत्तावीस मिनिटं. निर्माता ड्रू फल्क, म्हणजे मोशनलेस इन व्हाइटसारख्या मोठ्या, चकचकीत आवाजाच्या बँडबरोबर काम करणारा माणूस. हे नाव वाचून बऱ्याच जुन्या चाहत्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. आठ्यांना कारण होतं, पण रेकॉर्डने त्या पुसल्या. फल्कने बँडला गुळगुळीत केलं नाही, त्यांच्यासाठी शांतता कोरली. इथले ब्रेकडाउन भयपटासारखे रचलेले आहेत. सगळं एकदम थांबतं, एखादा बारीक आवाज कुठूनतरी येत राहतो, तुम्ही नकळत श्वास धरता आणि मग छत कोसळतं. 'सफोकेट'मध्ये तर याच जागी रेगेटन या लॅटिन नाचगाण्याचा ठेका येतो. कागदावर ही कल्पना भयंकर वाटते. ऐकताना मात्र हसू येतं आणि मान हलायलाही लागते.

अडचण एकच, आणि ती छोटी नाही: ब्रायन गॅरिसचा आवाज. तो गुरगुरत नाही. तो उंच, चिरका, कोवळ्या पोराने जीव तोडून ओरडावं तसा किंचाळतो. मेटलमधली खर्जातली गुरगुर ऐकून तयार झालेल्या कानाला तो पहिल्या मिनिटाला खटकतो. काहींना शेवटपर्यंत खटकतो. गिटारवादक आयझॅक हेलचा जाड आवाज मधून मधून येऊन तोल सांभाळतो, पण मुख्य आवाज गॅरिसचाच. पैसे घालण्याआधी 'ब्लाइंडिंग फेथ' आणि 'सिट अँड मॉर्न' ही दोन गाणी ऐकून घ्या. पहिलं धर्माच्या नावाखालच्या ढोंगावर आहे, दुसरं शोकावर. या दोन्हींत आवाज सहन झाला तर रेकॉर्ड तुमची.

रेकॉर्डच्या नावाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. गॅरिसला विमानाची भीती वाटते. हेलकावे खाणाऱ्या एका विमानात शेजारच्या बाईने त्याला धीर देताना जे वाक्य म्हटलं, तेच पुढे मुखपृष्ठावर आलं: तुझी वेळ आल्याशिवाय तू जाणार नाहीस. आपल्याकडे कुठल्याही मावशीने हेच म्हटलं असतं, आणि बहुधा सोबत हातावर लिमलेटची गोळी ठेवली असती.

नेल्स: 'एव्हरी ब्रिज बर्निंग' (ऑगस्ट २०२४, न्यूक्लिअर ब्लास्ट)

कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डचा टॉड जोन्स हा माणूस म्हणजेच नेल्स. बाकी सगळे बदलले. २०१६च्या 'यू विल नेव्हर बी वन ऑफ अस'नंतर बँड विस्कटला, आणि आठ वर्षांनी तो पूर्ण नव्या माणसांसह परतला: ड्रमवर वॉरब्रिंगर या बँडचा कार्लोस क्रूझ, दुसऱ्या गिटारवर शेल्बी लर्मो, बासवर अँड्र्यू सोलिस. ध्वनिमुद्रण मात्र नेहमीच्याच जागी, कन्व्हर्जचा गिटारवादक कर्ट बॅलू याच्या सेलममधल्या गॉडसिटी स्टुडिओत.

दहा गाणी वीस मिनिटांच्या आत. विरार फास्टमध्ये शिरल्यासारखं आहे: एकदा आत ढकलले गेलात की कुठे उतरायचं हे तुमच्या हातात राहत नाही. गिटारचा तो करवतीसारखा खरखरता आवाज बॉस कंपनीच्या एचएम-टू या पेडलचा, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या पेटीचा. ऐंशीच्या दशकात आलेलं आणि बाजारात फारसं न चाललेलं हे पेडल स्वीडनच्या डेथ मेटलवाल्यांनी सगळी बटणं पूर्ण फिरवून वाजवलं आणि अमर केलं. नेल्सने तोच आवाज हार्डकोरच्या वेगाला जोडला. त्याच स्वीडिश पठडीतला एंटूम्ड हा बँड आवडत असेल तर तुम्हाला पहिल्या सेकंदालाच घरी आल्यासारखं वाटेल.

इथला ब्रेकडाउन कंजूस आहे. येतो, दोन-चार वेळा हाणतो आणि नाचायचं ठरवेपर्यंत निघून जातो. नॉक्ड लूज वाट पाहायला लावतो, नेल्स वाटच पाहू देत नाही. पण यावेळी जोन्सने एक नवी फट ठेवली आहे. 'गिव्ह मी द पेनकिलर'मध्ये चक्क रॉक अँड रोलची उडी आहे, जवळजवळ गुणगुणण्यासारखी. जुन्या नेल्सने हे केलं नसतं. मला तर या रेकॉर्डवरचं तेच गाणं सर्वांत जास्त आवडतं, आणि यावर भांडायला येणारे बरेच सापडतील.

मेटलकडून येणाऱ्याला ही रेकॉर्ड सर्वांत सोपी जाते. हार्डकोर म्हणजे काय हे कळावं म्हणून घेत असाल, तर मात्र फसाल. नेल्सच्या गाण्यांत माणसं नाहीत. शत्रू आहेत, तुटलेले पूल आहेत, एकटा चिडलेला माणूस आहे. आधीच्या रेकॉर्डचं नावच 'तू आमच्यातला कधीच होणार नाहीस' असं होतं! नवख्याचं याहून वाईट स्वागत शोधून सापडायचं नाही.

आणखी एक: स्वस्त ब्लूटूथ स्पीकरवर ही रेकॉर्ड लावू नका. गिटार आणि झांजा एकमेकांत मिसळून नुसती खरखर उरते. बरा हेडफोन असेल तरच बॅलूने त्या गोंधळात प्रत्येक वाद्याला दिलेली जागा कळते.

स्पीड: 'ओन्ली वन मोड' (जुलै २०२४, फ्लॅटस्पॉट)

सिडनीचा बँड. गायक जेम सिओव, बासवर त्याचा भाऊ ॲरन. आशियाई वंशाची पोरं ऑस्ट्रेलियात वाढताना काय ऐकून घेतात, हे त्यांनी २०२२च्या 'गँग कॉल्ड स्पीड'मधल्या 'नॉट दॅट नाइस'मध्ये सांगून टाकलं होतं. मेलबर्न-सिडनीत राहणाऱ्या मराठी घरांतल्या पुढच्या पिढीला ते गाणं समजावून सांगावं लागणार नाही.

'ओन्ली वन मोड'ने ऑस्ट्रेलियाचा एरिया पुरस्कार हार्ड रॉक आणि हेवी मेटल विभागात मिळवला. पण जगभर गाजली ती बासरी. 'द फर्स्ट टेस्ट' या गाण्यात ब्रेकडाउनच्या तोंडावर सिओव बासरी काढतो आणि वाजवतो. गंमत म्हणून उचललेली नाही, तो बासरी शिकवतो. यात थट्टा नाही, पण आनंद भरपूर आहे, आणि चारही रेकॉर्डमध्ये आनंद एवढ्या उघडपणे याच एका ठिकाणी आहे.

स्पीडचा ब्रेकडाउन आधी सूचना देतो. सगळे मिळून एक ओळ ओरडतात, मग जागा करून देतात, मग ठोका पडतो. रेकॉर्डवर हे थोडं साधं वाटतं. रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे) नव्वदीतल्या न्यूयॉर्क हार्डकोरच्या चालीचे आहेत, त्यात नवं फार नाही. तांत्रिक करामती शोधणारा मेटलवाला दुसऱ्या गाण्यात कंटाळेल. पण हे संगीत माणसं का करतात, मित्रांच्या टोळीवर एवढी गाणी का लिहितात, याचं उत्तर इथेच आहे. एखादं प्रत्यक्ष मैफिलीचं चित्रण आधी पाहा आणि मग रेकॉर्ड ऐका. उलट क्रमाने गेलात तर अर्धी मजा हातची जाईल.

जीझस पीस: '...सो अननोन' (एप्रिल २०२३, सेंच्युरी मीडिया)

थोडक्यात सांगतो, कारण या रेकॉर्डबद्दल बोलण्यापेक्षा ती मोठ्याने लावणं सोपं. फिलाडेल्फियाच्या या बँडने सबंध गाणंच ब्रेकडाउनचं केलं आहे. वाट पाहणं नाही, सूचना नाही, पहिल्या ठोक्यापासून तुम्ही तळाशी. वेग मध्यम आणि झुलता, त्यामुळे हिपहॉप ऐकणाऱ्यांना ती पटकन लागते. ॲरन हर्डचा आवाज खोल आणि भरीव आहे, गॅरिसचा खटकला तर इकडे या. 'सिल्व्हर लायनिंग' हे गाणं त्याने आपल्या मुलासाठी लिहिलंय. इतक्या जड गिटारखाली बापाची माया ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. चौघांत सर्वांत कमी बोलबाला याच रेकॉर्डचा झाला, आणि व्यायाम करताना मी सर्वांत जास्त हीच लावतो.

मग कोणती?

मेटलचा कान पक्का असेल आणि कर्कश आवाजाची सवय असेल, तर नेल्स. मेटल फारसं ऐकलं नसेल, पण काहीतरी हादरवणारं हवं असेल, तर नॉक्ड लूज. पंक आवडतं आणि मेटलच्या गांभीर्याचा कंटाळा येतो, तर स्पीड. एकच घ्यायची आणि माझ्यावर सोडत असाल, तर नॉक्ड लूज, कारण लोकलमध्ये एकट्याने, पिटपासून हजारो मैलांवर ऐकूनही ती पूर्ण वाटते. हे मी जरा नाइलाजाने म्हणतोय. ग्रॅमीच्या यादीत नाव आलेल्या बँडला अंडरग्राउंड म्हणताना जीभ अडखळते. पण लेबल अजून प्युअर नॉइज हे स्वतंत्र लेबलच आहे, आणि इतक्या प्रसिद्धीनंतरही गाण्यांत एकही कोपरा घासून गोल केलेला नाही.

खरेदीचं गणित वेगळं. नेल्सची वीस मिनिटांची तबकडी अमेरिकेहून मागवली, तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून मिनिटाचा भाव ऐकवत नाही, ती डिजिटलच घ्या. तबकडीच हवी असेल तर दोन-तीन मित्रांनी मिळून एकाच पार्सलमध्ये मागवावी. बँडकडून थेट संगीत विकत घेता येतं त्या बँडकॅम्प या संकेतस्थळावर डिजिटल विक्रीतला साधारण १५ टक्के वाटा कंपनी ठेवते, आणि 'बँडकॅम्प फ्रायडे'च्या दिवशी तोही सोडते. स्पीडसारख्या बँडची रेकॉर्ड त्या शुक्रवारी घेतली तर तुमचा पैसा खरोखर त्यांच्या हाती पडतो.

आणि हे सगळं परदेशातच घडतं असंही नाही. मुंबईच्या स्क्राइब या बँडने २०१४ला 'हेल मोगॅम्बो' काढली, तेव्हा असे ब्रेकडाउन आपल्या पोरांनी इथल्या स्टेजसमोर अंगावर घेतले होते. त्यांच्यात विनोद जास्त होता, पण ठोका तोच. वरच्या चारांपैकी स्पीड आवडला, तर स्क्राइब पुन्हा काढून ऐका.

पहिली रेकॉर्ड पचल्यावर पुढे काय, हेही सांगतो. न्यू जर्सीच्या डेडगायने १९९५च्या 'फिक्सेशन ऑन अ कोवर्कर'नंतर थेट २०२५ला दुसरी रेकॉर्ड काढली, 'निअर-डेथ ट्रॅव्हल सर्व्हिसेस'. तीस वर्षांनी आलेल्या रेकॉर्ड सहसा दया दाखवून ऐकाव्या लागतात, हिला त्याची गरज नाही. दोन्ही लागोपाठ लावा, आधी नवी. कन्व्हर्जनेही 'लव्ह इज नॉट इनफ'साठी १३ फेब्रुवारी २०२६ ही तारीख जाहीर केली, २०१७च्या 'द डस्क इन अस'नंतरची त्यांची पहिली निव्वळ स्वतःची रेकॉर्ड. त्या वाटेने मागे 'जेन डो'पर्यंत गेलात, की इंटेग्रिटी आणि अर्थ क्रायसिसचा तो पातळ आवाज कानाला टोचणार नाही.