सांदण दरी: दोन मुलं, सासूबाई आणि साम्रदचे वाटाडे

सांदण दरीचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. मी लिहितेय ते भंडारदऱ्याजवळच्या, दरीच्या तोंडाशी असलेल्या साम्रद गावातल्या वाटाड्यांबद्दल आणि त्यांच्या घरच्या मुक्कामाबद्दल. लहान मुलं घेऊन सांदणला जायचं असेल तर आधी गावातला माणूस ठरवा, बाकी सगळं नंतर.

मागच्या वर्षी एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर हीच दरी केली होती. बसभर माणसं, पुढे एक लीडर, मागे एक. मोठ्या धोंड्यांपाशी तासभर रांग. माझी मुलगी एका धोंड्यावर अडकून रडत होती आणि मागून ‘चला, चला’ चाललं होतं. तो आवाज मला अजून आठवतो.

या फेब्रुवारीत आमचं आम्हीच गेलो. ठाण्यातल्या वर्तकनगरहून पहाटे पाचला निघालो, कसारा घाट, इगतपुरी, घोटीहून भंडारदऱ्याचा रस्ता, शेंडी, आणि साडेनऊपर्यंत साम्रद. शेंडीनंतर वळणं फार आहेत. मुलाला उलटी झाली.

गावातले आमचे वाटाडे, त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दादांनी आधी सगळ्यांचे बूट उलटे करून तळवे पाहिले. मुलीचे शाळेचे बूट बघून म्हणाले, “ताई, हे घसरणार,” आणि पुतणीचे रबरी तळव्याचे बूट आणून दिले. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना स्पष्ट सांगितलं, “मावशी, तुम्ही खाली नको. आमच्या घरचे तुम्हाला वरून दरी दाखवतील.” त्या जरा हिरमुसल्या, पण ऐकलं.

दरीत दोनदा पाण्यातून जावं लागलं. पहिलं पाणी गुडघ्याएवढं होतं, दुसरं माझ्या कमरेच्या वर आणि बर्फासारखं गार. आठ वर्षांच्या मुलाला दादांनी खांद्यावर घेतलं. त्यापुढे नुसते धोंडे, दोन्हीकडे बेसाल्टचे सरळ उभे कडे, आणि ऊन फक्त वर, एका पट्टीपुरतं. इथे मला या माणसाची खरी किंमत कळली. त्यांनी मुलांना हाताला धरून एकदाही ओढलं नाही. “डावा पाय इथं. आता बूड टेकव. सरक.” असं सांगत दोघांनाही स्वतः उतरायला लावलं. कुठला दगड डुगडुगतो ते त्यांना पाठ होतं. पावसाळ्यात दरीतून पाण्याचा लोंढा जातो, धोंडे जागचे हलतात, म्हणून दरवर्षी पाणी ओसरलं की ते आधी एकटे फिरून येतात. मागच्या वर्षी रडलेली माझी मुलगी या वेळी भावाला सांगत होती, “बूड टेकव, सरक.”

दोर लावून उतरायचा टप्पा येण्याआधीच त्यांनी थांबवलं. नवऱ्याला अजून थोडं पुढे जायचं होतं. दादा म्हणाले, “आलो त्याच वाटेनं चढायचंय, पोरं दमल्यात.” परतताना खरंच दुप्पट वेळ लागला.

मुक्काम दादांच्याच घरी. जेवण चुलीवरचं: तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, भात. मुलांसाठी तिखट न घालता वेगळं पिठलं केलं होतं, न सांगता. अंथरुणं स्वच्छ होती. संडास मात्र दोन घरांत मिळून एक, आणि रात्री लांब वाटतो, टॉर्च हवाच. मोबाइलला रेंज जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे पैसे रोख न्या. वाटाड्याचे आठशे झाले, जेवणाचे माणशी दोनशे. त्यात घासाघीस करू नका. पावसाळ्यात दरीत उतरायचं नसतं, म्हणजे त्यांचं हे काम वर्षातले थोडेच महिने.

संध्याकाळी कड्यावर गेलो तर सासूबाई दादांच्या आईशेजारी बसून चहा पीत होत्या. रतनगड कुठला, त्याचा खुटा नावाचा सुळका कुठला, आजोबाचा डोंगर कुठला, सगळं त्यांना माहीत झालं होतं. नातवाला जवळ ओढून खाली कोकणाकडे बोट दाखवत म्हणाल्या, “तुमची दरी तिकडे डेहण्याला उतरते बघ. शहापूर तालुका. आपलाच ठाणे जिल्हा.”