सेन2कॉर, काही महिन्यांच्या वापरानंतर: उन्हाळ्यातल्या एनडीव्हीआयवर किती विसंबायचं?

लातूरकडच्या उसासाठी सेंटिनेल-2 या युरोपच्या उपग्रहांच्या चित्रांचं अ‍ॅटमॉस्फेरिक करेक्शन, म्हणजे चित्रातून हवेचा परिणाम काढून टाकणं, काही महिने सेन2कॉर या सॉफ्टवेअरवर करतोय. लिहायला बसलो ते मात्र पिकांचे उपग्रह-नकाशे पैसे घेऊन देणाऱ्या एका पोर्टलमुळे. एप्रिलमध्ये त्यांच्या नकाशात चांगला पोसलेला ऊस 'ताणाखाली' दिसायला लागला आणि लोक जास्तीचं पाणी सोडायला निघाले. तेही लातुरात, एप्रिलमध्ये! रानात जाऊन पाहिलं तर पानं हिरवीगार.

एनडीव्हीआय म्हणजे लाल आणि इन्फ्रारेड उजेडावरून काढलेला पिकाच्या हिरवेपणाचा आकडा. लाल बँडमध्ये (उजेडाच्या लाल पट्ट्यात) परावर्तन 3 टक्के आणि इन्फ्रारेडमध्ये 35 टक्के असेल तर एनडीव्हीआय 0.84 येतो. हवेतल्या धुराचे 2 टक्के लालमध्ये शिल्लक राहिले की तोच 0.75. पिकाला काहीही झालेलं नसतं.

सेन2कॉर धूर-धूळ मोजतं ते गर्द झाडीच्या पिक्सेलवरून. 2190 नॅनोमीटरच्या बँडला धुरकं फारसं बाधत नाही. तिथून ती झाडी लाल-निळ्यात किती गडद दिसायला हवी ते ठरतं, त्याहून जास्तीचा उजेड हवेच्या खात्यावर. राधानगरी-दाजीपूरचं जंगल असलेल्या टाइलवर (चित्राच्या चौकोनी तुकड्यावर) हे झकास जमतं. आमच्याकडे उन्हाळ्यात नजर जाईल तिथवर नांगरलेली रानं. गर्द झाडी पुरेशी सापडतच नाही. मग नव्या आवृत्त्या कॅम्स या युरोपच्या हवा-निरीक्षण सेवेचा अंदाज उचलतात. त्याची जाळी सुमारे 40 किलोमीटरची. शेजारच्या शिवारात पाचट पेटवलं तर ते तिथे दिसणार कुठून?

यावरून मी आधी सेन2कॉरवरच वैतागलो होतो. मत बदललं ते चित्रासोबतची माहितीची फाइल (मेटाडेटा) उघडल्यावर. त्यात 'एओटी रिट्रीव्हल मेथड' अशी एक ओळ असते: हवेतले कण झाडीवरून मोजले की कॅम्सवरून घेतले, हे सरळ लिहिलेलं. इतका प्रामाणिकपणा मला पुरेसा आहे. पोर्टल नेमकी तीच ओळ गाळतं. मागितली तर म्हणे, तांत्रिक तपशील ग्राहकाला लागत नाहीत. बिल मात्र हेक्टरी, आणि करेक्शन झालेली एल2ए चित्रं युरोपच्या कोपर्निकस संकेतस्थळावर फुकट मिळतात.

बाष्पाच्या दुरुस्तीबद्दल तक्रार नाही, सप्टेंबरच्या दमट हवेतही आकडे नीट आले. सेन2कॉर प्रत्येक पिक्सेलला ढग, सावली, झाडी असा वर्गही देतं; त्यातल्या ढगांच्या सावलीच्या वर्गात काळी रानं अधूनमधून घुसतात, तेवढं डोळ्यांनी तपासावं लागतं.

पोर्टलची वर्गणी बंद केली. आता 'कॅम्स' लिहिलेल्या तारखेला एनडीव्हीआय घसरला, तर पाच दिवसांनी येणारं पुढचं चित्र पाहिल्याशिवाय गटावर पाण्याचा मेसेज टाकत नाही.