दोनचाकी ट्रॉली घ्यावी का चारचाकी? दोन्ही ओढून बघितल्यावरचा रिव्ह्यू, चिकोडी-निपाणी भागातनं

ऊसाचा हंगाम तोंडावर आला की आमच्याकडं प्रत्येक पारावर ट्रॅक्टरचा विषय निघतोय, कुठल्या कंपनीचा, किती एचपी, डिझेल किती पितो, लिफ्ट कशी हाय, यावर लोक महिना महिना घालवतात आणि ट्रॉली म्हटलं की मेस्त्री देईल ती. मागचं लोखंड कसलंबी चालतंय असा समज. पण उतारावर ड्रायव्हरचा जीव त्या मागच्या लोखंडावरच असतोय हे कुणी बोलत नाही. आमच्या घरी दोनचाकी हायड्रॉलिक ट्रॉली आहे आणि सदलग्याच्या दाजींच्याकडं चारचाकीची जोडी आहे, ती हंगामभर कारखान्याला ऊस ओढते, दोन्ही मी चालवल्यात, म्हणून दोन्हीचं मिळून लिहितोय. वर्कशॉपचं नाव घालत नाही, कारण मेस्त्रीगणिक ट्रॉली वेगळी असते, आणि मला बोलायचंय ते बनावटीवर.

आधी मूळ फरक सांगतो, बाकी सगळं त्यातनंच निघतंय. दोनचाकीला एकच आख (एक्सल), तो साट्याच्या, म्हंजे माल भरायच्या हौद्याच्या, मध्यापासून जरा मागं बसवलेला. त्यामुळं मालाचं थोडं वजन पुढं नाकाडावर, म्हंजे हुकात अडकणाऱ्या पुढच्या त्रिकोणी टोकावर, येतं आणि नाकाडावरनं ट्रॅक्टरच्या हुकावर. चारचाकीला पुढं-मागं दोन आख, पुढचा आख टर्नटेबलवर, म्हंजे फिरत्या लोखंडी रिंगवर, वळतो, दांडी फक्त ओढायला आणि वळवायला, ट्रॅक्टरवर वजन काहीच येत नाही. म्हंजे एक ट्रॉली ट्रॅक्टरच्या अंगावर रेलून चालते आणि दुसरी स्वतःच्या पायावर. दुकानात सगळे विचारतात ते "किती टन बसतंय?" पण खरा प्रश्न वजन कुठं बसतंय हा आहे.

आता रानात काय होतं बघा. दूधगंगेच्या काठाची काळी माती, नोव्हेंबरात एक अवकाळी पाऊस पडून गेलेला, आणि टोळीनं फड तोडून मोळ्या बांधावर काढून ठेवलेल्या. दोनचाकी भरली की तिचं वजन ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या टायरांवर येतं, टायर जमिनीत दाबून धरतात, पकड मिळते आणि गाडी निघते. चारचाकीत मागं आठ-दहा टन आणि ट्रॅक्टर स्वतः दोन टनाच्या आसपास, त्याच्यावर एक किलो जास्तीचं वजन नाही, मग टायर जागेवर फिरतात, डिफलॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) लावा नाहीतर काय करा, ट्रॉलीची पुढची दोन बारीक चाकं नांगरासारखी रुततात आणि शेवटी शेजारच्या रानातला ट्रॅक्टर बोलवून साखळीनं डबल ओढ द्यावी लागते. दाजींच्या फडात हे दरसाल होतंय. उलट पक्क्या रस्त्यावर आल्यावर तीच चारचाकी दोनचाकीला हसते, कारण तिथं तिचं वजन चार ठिकाणी वाटलेलं असतं, ट्रॅक्टरचा मागचा एक्सल निवांत, टायर कमी झिजतात आणि स्टेअरिंग जागेवर राहतं.

स्टेअरिंगचं नीट सांगतो कारण दोनचाकीतला मोठा धोका तोच. हूक असतो ट्रॅक्टरच्या मागच्या आखाच्याही मागं. तिथं वजन जास्त पडलं की पुढचा भाग हलका होतो. कॅनॉलच्या भरावावर चढताना हे हाताला लगेच कळतं, स्टेअरिंग एकदम लोण्यागत फिरायला लागतं, म्हंजे समजायचं की पुढची चाकं जमिनीला नुसती टेकल्यात, वळायची नाहीत. पुढं वजनं लावली की फरक पडतो, ती आम्ही भाताची मळणी सोडली तर काढतच नाही. आणि माल भरताना बघायचं, सगळा पुढं रचला तर ट्रॅक्टरचा पुढचा भाग उचलणार, सगळा मागं रचला तर नाकाडच हुकाला वर उचलणार, मग ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि ट्रॉली रस्त्यावर शेपूट हलवल्यागत करते. कडबा भरताना हमखास होतंय, कारण लोक मागं ढीग बाहेर काढतात. अजून एक, रुतलेली गाडी काढायला साखळी कधीपण खालच्या ड्रॉबारलाच बांधा. वरच्या टॉपलिंकच्या ठिकाणी साखळी लावून ओढलं की ट्रॅक्टर मागं उलटतोय, ड्रायव्हरला उतरायला वेळ मिळत नाही.

रिव्हर्स. इथं मात्र दोनचाकी दहापैकी दहा आणि चारचाकीला मी दोन देईन, तेपण दाजींच्या भीतीनं. दोनचाकीत सांधा एकच, हुकाचा. स्टेअरिंग उलटं फिरवायचं एवढं डोक्यात बसलं की बारका पोरगा पण गोठ्याच्या दारात शेणखताची ट्रॉली बरोबर लावतो. चारचाकीत सांधे दोन, एक हुकापाशी आणि एक टर्नटेबलपाशी, तुम्ही डावीकडं ढकलला की दांडी उजवीकडं जाते, पुढचा आख भलतीकडं वळतो, दोन हात मागं जाईस्तोवर ट्रॉली आडवी. एकदा दाजींच्या बांधावर मी घाम गाळत बसलो होतो तर दाजी खाली उभारून म्हणतात, "पावनं, राहू द्या, उतरा खाली, ती तशी जात नसती." मग त्यांनी पिन काढली, ट्रॅक्टर फिरवला, आणि पुढच्या बंपरला लावून घेतलेल्या हुकात दांडी अडकवून समोरनं ढकलत नेली. नजर समोर, ट्रॉली समोर, पाच मिनिटात काम. चारचाकी घेणार असाल तर हा पुढचा हूक पहिल्याच दिवशी मारून घ्या, जाड प्लेटवर, नुसत्या बंपरच्या पत्र्याला नको.

पण चारचाकीची एक सोय अशी आहे की त्यावर सगळी ऊस वाहतूक उभी आहे. ती सोडली तरी सपाट उभी राहते. एक ट्रॉली फडात भरायला सोडायची, टोळी आपली मोळ्या चढवत बसते, आणि ट्रॅक्टर तोवर दुसरी भरलेली घेऊन कारखान्याला. दोनचाकी भरलेली सोडायची म्हंजे नाकाडाखाली स्टँड लावा, स्टँडखाली फळी घाला, तरी ओल्या रानात स्टँड आत जातोच, मग नाकाड उचलायला चार माणसं आणि पहार. शिवाय कारखान्याच्या यार्डात ऊस क्रेननं उतरवतात, भरायच्या आधी खाली वायररोप टाकलेला असतो, क्रेन अख्खी मोळी उचलते, त्यामुळं ऊसाच्या ट्रॉलीला साटा उचलणाऱ्या हायड्रॉलिक जॅकचा उपयोगच नाही, फाळकेपण (साट्याच्या कडेचे पत्रे) नकोत, नुसते खुंट पुरतात. तरी काहीजण चारचाकीला जॅक बसवून घेतात आणि वर्षभर तो गंजत पडतो. जॅक पाहिजे तो दोनचाकीला, शेणखत, मुरूम, वाळू, दगड ओढणाऱ्याला, मागचा फाळका उघडला लिव्हर ओढला की माल खाली. फक्त वर विजेची तार बघून उचला आणि उचललेल्या साट्याखाली टेकू दिल्याशिवाय डोकं घालू नका, पाईप फुटला की साटा सांगून खाली येत नाही.

घाटाचं वेगळं लिहावंच लागेल. निपाणीकडनं संकेश्वरकडं येताना तवंदी घाट आहे, सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात, थांबवायचं काम एकट्या ट्रॅक्टरचं. दोन चारचाकी जोडून पंधरा-वीस टन मागं असताना उतारावर ब्रेक मारला की मागची ढकलते, मधला सांधा दुमडतो, आणि ट्रॅक्टर कात्रीत सापडल्यासारखा आडवा होतो. दोनचाकी पण ढकलतेच, पण सांधा एक आणि माल कमी, शिवाय मागच्या टायरवर वजन असल्यानं ब्रेकला पकड असते. दोन्हीला नियम तेच, उतार सुरू व्हायच्या आधी खालचा गिअर, क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल तर स्वप्नात पण नाही, आणि डाव्या-उजव्या चाकाची दोन्ही ब्रेक पेडल कडीनं जोडलेली. रानात वळायला सोडलेली कडी रस्त्यावर येताना लावायची बऱ्याच जणांची राहून जाते, मग एकाच चाकाला ब्रेक लागतो. दाजींचा ड्रायव्हर रस्त्याला लागायच्या आधी पायानं कडी चाचपतो, मगच गाडी हलवतो, मला तो माणूस त्यासाठीच आवडतो.

मध्यंतरी आत्याच्या नातवाचा अमेरिकेतनं फोन, त्याला पिकअपमागं ओढायचं चाकावरचं घर घ्यायचंय, ट्रॅव्हल ट्रेलर का फिफ्थ व्हील, आणि मामा तुम्ही ट्रॉलीतले जाणकार म्हणून विचारतोय! म्हटलं अरे गोष्ट तीच हाय. ट्रॅव्हल ट्रेलर अडकवतात गाडीच्या मागं बंपरखाली गोळ्यावर, त्याच्या वजनातलं १० ते १५ टक्के हुकावर यावं असं धरतात, त्याहून कमी आलं की ट्रेलर झोके खातो, आपल्या मागं भरलेल्या कडब्यागत. फिफ्थ व्हील अडकवतात पिकअपच्या हौद्यात, मागच्या आखाच्या बरोबर वर, म्हणून ते १५ ते २५ टक्के सोसतं आणि पुढचा उचलत नाही. पुणे-बेंगळूर हायवेवर मोठ्या ट्रेलरच्या घोड्याला (ओढणाऱ्या पुढच्या ट्रकला) मागं जी काळी ग्रीस लावलेली प्लेट असते ती फिफ्थ व्हीलच. स्थिर तीच, पण त्याला पिकअपच लागतो, मोकळा हौदा लागतो, जीपमागं ती लागत नाही आणि हौद्यातली जागा जाते. त्याच्याकडं मोठा पिकअप आहे आणि लांब लांब फिरायचंय, म्हटलं फिफ्थ व्हील घे. आमच्या ट्रॅक्टरला ती सोय नाही, आमचा हूक आखाच्या मागंच राहणार, म्हणून आम्हाला वजनाचं एवढं बघावं लागतं.

तसं चाकावरचं घर आपल्याकडं पण आहेच की. सौंदत्तीला यल्लम्माला किंवा चिंचलीला मायाक्काला जाताना लोक ट्रॉलीवर ताडपत्री बांधतात, आत पेंढा, त्यावर घोंगडी, कोपऱ्यात भांडी. तिथं गेल्यावर ट्रॅक्टर सोडला की दोनचाकी पुढं कलते आणि रात्री सगळी माणसं घसरत एका बाजूला, चारचाकीत निवांत झोप. एवढ्या एका गोष्टीत आमच्या आईचं मत चारचाकीला आहे. रात्रीचं माणसं भरून हायवेनं जाऊ नये हे मी घरी दरवेळी सांगतो, ऐकतंय कोण.

वर्कशॉपात काय बघायचं ते सांगतो. रंग बघू नका, ताज्या रंगाखाली सगळं दडतं, शक्यतो प्रायमरवर असताना जाऊन या. दोनचाकीत नाकाडाचा त्रिकोण चॅसिसला जिथं मिळतो तिथली वेल्डिंग बघा, दोन्ही बाजूनं भरलेली पाहिजे, खालनं हात फिरवला की कळतं, काहीजण वरनं सलग मारतात आणि खाली नुसते टाके. तडा जातो तो तिथनंच. चारचाकीत टर्नटेबलची रिंग आणि मधला किंगपिन (ज्याच्याभोवती ती फिरते तो खिळा), ग्रीस निपल आहेत का आणि ग्रीसगन तिथपर्यंत पोचते का, एका ठिकाणी मी विचारलं तर मेस्त्री "छलो ऐती री" (कन्नडमधनं, चांगलं आहे हो) म्हणून मोकळा, निपल होता पण कमानपाट्याच्या मागं, गन जायला जागाच नव्हती. टायर ९.००-१६ असतील तर प्लाय (टायरचे थर) विचारा, स्वस्तात जुने रिमोल्ड (वरनं नवं रबर चढवलेले) घालून देतात. कोटेशनमध्ये चॅनल कितीचा, पत्रा किती एमएमचा, आख किती जाडीचा हे लिहून घ्या, आणि रिकाम्या ट्रॉलीचं वजन काट्यावर करून घ्या, लोखंड खाल्लं असेल तर तिथं उघडं पडतंय. कागदपत्रं बघा, ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपेक्षा वेगळी असते, आमच्याकडं केए-२३ चिकोडीला. मागं रिफ्लेक्टर आणि लाल दिवा पाहिजेच, ऊसाचे शेंडे बाहेर लोंबून दिवा झाकतात म्हणून दिवा खाली आणि कडेला घ्या.

मग कुणी काय घ्यावं. घरची शेती, थोडा ऊस, सोयाबीन, निपाणीकडं असाल तर तंबाखूचे बोद, वर्षभर शेणखत-मुरूम, वाट अरुंद आणि गोठ्यापर्यंत मागं घालायची, तर डोळे झाकून दोनचाकी, ४० एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर बास होतो. कारखान्याशी वाहतुकीचा करार, टोळीला उचल दिलेली, ५० एचपीच्या वरचा ट्रॅक्टर आणि पक्का ड्रायव्हर असेल तर चारचाकीची जोडी, एक घेऊन उपयोग नाही, फायदा सगळा अदलाबदलीत आहे. खानापूर-जांबोटीकडच्या चढउताराच्या वळणाच्या रस्त्याला मी जोडी ओढणार नाही, तिकडं दोनचाकीच. आणि दोन्हीतलं मधलं म्हणून एकच मोठी १५ फुटी दोनचाकी करून घ्यायचं खूळ सध्या निघालंय ते अजिबात नको, नाकाडावर एवढं वजन येतं की पुढची वजनं लावूनपण ट्रॅक्टरचा पुढचा भाग ठरत नाही.

किंमत लिहीत नाही, लोखंडाचा दर हलला की आकडा बदलतोय. ऑर्डर मात्र श्रावणात द्या, दसऱ्यानंतर मेस्त्री फोन उचलत नाही आणि उचलला तरी रंग वाळायच्या आत ट्रॉली अंगावर घालतो.