वायर चुकीच्या भोकात, आणि कार्ड गायब

डोंबिवलीच्या घरी हॉलमधल्या टीव्हीला मी कॉम्प्युटर जोडून ठेवलाय. आईची जुनी नाटकं, घरचे फोटो, भाच्यांची कार्टूनं, सगळं त्यावर. दिवाळीच्या साफसफाईनंतर टीव्हीवर नुसतं 'नो सिग्नल'. पंखा फिरतोय, दिवा लागतोय, चित्र नाही. मी तेव्हा बंगळुरूला होतो. आईला म्हटलं, जवळपासच्या कुणाला तरी बोलाव.

रिपेअरवाला आला. कॅबिनेट फिरवून मागे मोबाइलचा टॉर्च मारला आणि म्हणाला, "काकू, ग्राफिक्स कार्ड गेलंय, बोर्डवरही लोड आलाय. दुकानात न्यावं लागेल." ग्राफिक्स कार्ड म्हणजे टीव्हीला चित्र पुरवणारा भाग. तीन दिवसांनी आणून लावला, चित्र आलं. 'चिप रिपेअर व सर्व्हिसिंग' म्हणून ३,२०० रुपये. पावती म्हणून वहीच्या कागदावर आकडा. आईने जीपेवरून दिले.

मी घरी आलो तेव्हा माउसचा बाण टीव्हीवर अडखळत चालताना दिसला. माझं कार्ड जीटी १०३०, त्याला एचडीएमआय २.० (टीव्हीची वायर लागते ते पोर्ट), म्हणजे फोर-के टीव्हीवर ६० हर्ट्‌झ मिळायचे, म्हणजे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचं. आता सेटिंगमध्ये ३० च्या वर पर्यायच नाही. वाकून मागे पाहिलं तर कार्डावर जुन्या मॉनिटरचं निळं व्हीजीए पोर्ट. माझ्या कार्डाला ते कधीच नव्हतं! डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव निघालं जीटी ७१०, माझ्यापेक्षा जुनं आणि कमी ताकदीचं कार्ड. मग टास्क मॅनेजर उघडला. रॅम १६ जीबी होती, तिथे ८.

मूळ बिघाड काय होता ते आईच्या एका वाक्यात कळलं. "अरे, पुसताना मावशींनी वायर काढली होती, मीच परत लावली, वरच्या भोकात." वरचं भोक म्हणजे मदरबोर्डचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डाचं एचडीएमआय. माझ्या रायझन ५ ३६०० प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्सच नाहीत, त्यामुळे तिथून चित्र येणं शक्यच नव्हतं. वायर खाली कार्डात लावली की काम झालं असतं. टॉर्च मारल्या मारल्या त्यालाही ते दिसलं असणार, याबद्दल मला शंका नाही.

फोन केला तर थंडपणे, "साहेब, आत आधीपासून हेच होतं." माझ्या कार्डाचा खोका सिरियल नंबरसकट माळ्यावर आहे. पण ते कार्ड त्या दिवशी कॅबिनेटमध्ये होतं, याचा पुरावा शून्य. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, हातात मात्र जीपेचा स्क्रीनशॉट आणि वहीचा कागद एवढंच.

कॅबिनेट दुकानात जाणार असेल तर आधी बाजूचं झाकण काढून कार्ड आणि रॅमचे सिरियल नंबर दिसतील असे फोटो घ्या, आणि तेच नंबर जमा-पावतीवर लिहून सही घ्या. कुरकुर करणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि त्याही आधी, वायर काढून दुसऱ्या पोर्टात लावून बघा, टीव्हीचा इनपुट बदलून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

आईने आता कार्डाच्या पोर्टाशेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय.