वार्षिक शुल्काचे क्रेडिट कार्ड ठेवावे का : चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी जुळे सोलापूर भागात राहते आणि शाळेत शिकवते. वार्षिक शुल्क असलेले हे क्रेडिट कार्ड मी चौदा महिन्यांपूर्वी घेतले, तेव्हा त्याचे शुल्क २,५०० रुपये होते. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की पहिल्याच स्टेटमेंटमध्ये २,९५० रुपये लागले. कार्डासोबत २,००० रुपयांचे स्वागत व्हाउचर मिळाल्यामुळे पहिल्या वर्षी ही रक्कम फारशी जाणवली नाही. परंतु ते व्हाउचर एकदाच मिळते, आणि कार्ड पुढे ठेवायचे की नाही हा प्रश्न खऱ्या अर्थाने दुसऱ्या वर्षाचाच असतो, म्हणून व्हाउचर बाजूला ठेवून मी पहिल्या महिन्यापासून घरखर्चाच्या वहीत या कार्डासाठी एक वेगळे पान राखले.

बारा महिन्यांत कार्डावर एकूण २,३८,००० रुपये खर्च झाले. त्यांपैकी पेट्रोलचे २०,०००, आरोग्य विम्याच्या हप्त्याचे १८,००० आणि वीजबिलाचे १४,००० रुपये यांवर एकही पॉइंट (खर्चावर बक्षीस म्हणून जमा होणारा गुण) मिळत नाही. उरलेल्या १,८६,००० रुपयांवर दर १५० रुपयांना चार पॉइंट याप्रमाणे ४,९६० पॉइंट जमा झाले. वस्तूंच्या यादीतून काही मागवले तर एका पॉइंटचे मूल्य २५ पैसे धरले जाते, पण त्या यादीत मला गरजेची अशी एकही वस्तू सापडली नाही. तेच पॉइंट बिलात वळते केले तर मूल्य २० पैसे होते. म्हणजे हाती ९९२ रुपये, आणि त्यातून पॉइंट वळते करण्याचे ९९ रुपये व त्यावरील जीएसटी वजा जाता साधारण ८७५ रुपये उरले.

२,९५० रुपयांपुढे ८७५ रुपये ठेवले की उत्तर तिथेच मिळाल्यासारखे वाटते. तरीही माझ्या मते ही तुलना अपुरी आहे. माझ्याकडे दुसऱ्या बँकेचे, कोणतेही शुल्क नसलेले एक कार्ड आधीपासून आहे आणि त्यावर खर्चाच्या अर्धा टक्का रक्कम बिलात परत मिळते. तेच १,८६,००० रुपये त्या कार्डावर खर्च झाले असते तर ९३० रुपये आपोआप जमा झाले असते. बिल भरण्यासाठी मिळणारी बिनव्याजी मुदत, ऑनलाइन खरेदीची सोय, रेल्वेचे तिकीट रद्द झाल्यावर पैसे परत येणे, या सर्व गोष्टी दोन्ही कार्डांवर सारख्याच आहेत, त्यामुळे त्यांचे श्रेय शुल्काला देता येत नाही. शुल्काचे कार्ड रोख व्यवहाराशी नव्हे, तर बिनशुल्काच्या कार्डाशी ताडून पाहावे, हे मला वही भरता भरता उमगले.

पेट्रोलवरील अधिभाराची माफी हाही माहितीपत्रकातील एक ठळक लाभ होता. पंपावर कार्डाने पैसे दिले की साधारण एक टक्का अधिभार लागतो आणि तो नंतर बिलात परत येतो. यूपीआयने पैसे दिले तर तो मुळात लागतच नाही. कार्ड वापरल्यामुळे पडलेला भुर्दंड परत मिळणे याला मी लाभ म्हणून वहीत जमा धरले नाही.

विमानतळावरील लाउंजचा, म्हणजे कार्डधारकांना बसण्या-खाण्याची सोय असलेल्या प्रतीक्षागृहाचा, उपयोग वर्षात एकदाच झाला. होटगी रस्त्यावरील आपल्या सोलापूर विमानतळावरून २०२५ मध्ये प्रवासी सेवा सुरू झाली ही आनंदाची गोष्ट आहे, पण आमचा दिल्लीचा प्रवास पुण्याहून होता. तिथे मी आणि माझे पती गेलो; कार्डावर एकालाच प्रवेश होता, त्यामुळे ते बाहेर थांबले. त्या नाश्त्यासाठी मी एरवी फार तर ३०० रुपये दिले असते, म्हणून तेवढेच धरले. ज्यांना महिन्याला विमानाने जावे लागते त्यांच्यासाठी हा आकडा निश्चितच वेगळा येईल. आम्ही मुंबईला सिद्धेश्वर एक्स्प्रेसने किंवा वंदे भारतने जातो.

सोलापुरातील प्रत्यक्ष वापराबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. नणंदेच्या लग्नासाठी नवी पेठेतील एका दुकानातून २८,००० रुपयांच्या साड्या घेतल्या, तेव्हा कार्डाने पैसे दिल्यास दोन टक्के जास्त लागतील असे दुकानदारांनी सांगितले. दोन टक्के म्हणजे ५६० रुपये, आणि त्या खरेदीवर मिळणाऱ्या पॉइंटचे मूल्य जेमतेम दीडशे रुपये; मी यूपीआयने पैसे दिले. किराणा, दूध, औषधे, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतील खरेदी अशा ठिकाणी कार्डाचे यंत्र क्वचितच असते, पण क्यूआर कोड सगळीकडे असतो. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्यास रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये परवानगी दिली. माझे बिनशुल्काचे कार्ड रुपे असल्याने ते व्यापारी क्यूआरवर चालते, तर शुल्काचे कार्ड व्हिसाचे असल्याने चालत नाही. दुकानदाराचा क्यूआर वैयक्तिक खात्याचा असेल तर मात्र रुपे क्रेडिट कार्डही तिथे उपयोगी पडत नाही.

वर्षाला २,५०,००० रुपये खर्च केल्यास पुढील शुल्क माफ होते, ही अट मला सर्वांत जास्त महागात पडली असती. वीजबिल आणि विम्याचा हप्ता त्यात धरला जातो, असे ग्राहक सेवेच्या प्रतिनिधीने मला फोनवर सांगितले होते. अकराव्या महिन्याच्या अखेरीस माझ्या वहीत २,२६,००० रुपये होते, म्हणून मी निश्चिंत होते. ॲपमध्ये पाहिले तर पात्र खर्च केवळ १,७५,००० रुपये दिसला. चुकीच्या माहितीचा मला मनापासून राग आला. त्या संध्याकाळी घरातला चांगला चाललेला फ्रीज बदलावा, असा विचार आम्ही दोघांनी गांभीर्याने केला, आणि २,९५० रुपये वाचवण्यासाठी ७५,००० रुपये खर्च करायला निघालो आहोत हे लक्षात आल्यावर तो सोडून दिला. माफीच्या अटी फोनवर न विचारता लेखी मागवाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

हा सारा हिशेब दरमहा पूर्ण बिल भरणाऱ्यांनाच लागू आहे. या कार्डावर व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के आहे. २०,००० रुपये एक महिना थकले तर ७०० रुपये व्याज आणि १२६ रुपये जीएसटी मिळून ८२६ रुपये जातात. माझी वर्षभराची पॉइंटची कमाई जवळपास तेवढीच होती.

नूतनीकरणाच्या तीन आठवडे आधी मी बँकेला फोन करून शुल्क माफ करण्याविषयी विचारले. ९० दिवसांत ५०,००० रुपये खर्च केल्यास निम्मे शुल्क परत देऊ, असा प्रस्ताव आला. तो मी नाकारला. कार्ड सरळ बंद करण्याबाबत मात्र मला एक अडचण दिसत होती. या कार्डाची मर्यादा १,२०,००० रुपये आणि दुसऱ्याची ८०,००० रुपये आहे. महिन्याला २४,००० रुपये वापरले तर दोन्ही मिळून वापर १२ टक्के दिसतो, एकच कार्ड राहिले तर तो ३० टक्क्यांवर जातो, आणि कर्ज देताना बँका पाहतात त्या पतगुणांकात (क्रेडिट स्कोअरमध्ये) या प्रमाणाचा विचार होतो. पुढील वर्षी आम्हाला गृहकर्जासाठी अर्ज करायचा असल्याने मी त्याच बँकेच्या बिनशुल्काच्या प्रकारात कार्ड बदलून मागितले. बदल होत नसेल तर कार्ड बंद करावे, असेही ईमेलमध्ये स्पष्ट लिहिले. थकबाकी नसेल तर बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करणे बँकेवर बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यावे लागतात, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम मी त्यात नमूद केला होता.

अर्जापूर्वी सर्व पॉइंट बिलात वळते करून घेतले. बदल पाचव्या दिवशी मंजूर झाला आणि मर्यादा तेवढीच राहिली. वीजबिलाचे ऑटो-पे जुन्या क्रमांकावर होते, ते नव्या कार्डावर पुन्हा नोंदवावे लागले. त्यानंतर आलेल्या दोन्ही स्टेटमेंटमध्ये वार्षिक शुल्काच्या रकान्यात शून्य आहे.