मोल्सवर्थ शिक्षकाच्या टेबलावर, बर्नसन विद्यार्थ्याच्या हाती: शिकागो विद्यापीठाच्या मराठी कोशांचे परीक्षण

अमराठी प्रौढांना मराठी शिकवण्याचे काम मी गेली काही वर्षे पुण्यात करतो आहे. वर्गात येणारे बहुतेक जण बँकेत किंवा विम्याच्या कचेरीत नोकरीला असतात, आणि महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी अनिवार्य करणारा कायदा २०२० साली झाल्यापासून त्यांत केंद्रीय मंडळांच्या शाळांतील शिक्षकांचीही भर पडली आहे. पहिल्या दिवशी प्रत्येक तुकडीतून एक प्रश्न ठरलेला येतो: “सर, डिक्शनरी कोणती घेऊ?” या प्रश्नाला मी पूर्वी गुळमुळीत उत्तर देत असे. आता मी शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ या संकेतस्थळाचे नाव सांगतो, मात्र त्याबरोबर कोणता कोश कोणी आणि केव्हा उघडावा याचीही समज देतो, कारण ती दिली नाही तर काय होते ते मी पाहिले आहे.

संकेतस्थळ विनामूल्य आहे, त्यासाठी नाव नोंदवावे लागत नाही आणि मधेमधे जाहिराती उगवत नाहीत. दक्षिण आशियातील अनेक भाषांचे कोश तेथे आहेत. मराठीपुरते बोलायचे तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, श्रीधर गणेश वझे यांचा १९११ चा आर्यभूषण शालेय कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, मॅक्सीन बर्नसन यांचा प्राथमिक मराठी-इंग्रजी कोश आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश, असा ऐवज एका ठिकाणी मिळतो. हे सगळे छापील रूपात जमवायचे म्हटले तर पुण्याच्या पुस्तकबाजारात, अप्पा बळवंत चौकात, किती खेटे घालावे लागतील आणि खिसा किती हलका होईल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

या सर्वांत राजा अर्थातच मोल्सवर्थ. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हा कंपनी सरकारच्या फौजेतील अधिकारी. त्याने शास्त्रीमंडळींच्या आणि जॉर्ज व थॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्याने सिद्ध केलेला कोश १८३१ साली मुंबईत निघाला, आणि संकेतस्थळावर जी आहे ती त्याची वाढवलेली १८५७ ची दुसरी आवृत्ती होय. पुढे १९७५ साली पुण्यात तिचे पुनर्मुद्रण झाले, ते अनेक जुन्या शिक्षकांच्या कपाटात अजून दिसते. या कोशाची थोरवी शब्दसंख्येत जितकी आहे त्याहून अधिक शब्दांच्या वागणुकीची नोंद ठेवण्यात आहे. शब्द संस्कृतातून आला की फारसीतून, तो कोकणात बोलतात की देशावर, त्याला कोणती क्रियापदे जोडली जातात, त्यावर कोणती म्हण आहे, हे सारे तो दाटीवाटीने पण नेमके सांगतो.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. मागच्या वर्षी एका तमिळ भाषक बँक अधिकाऱ्याने वहीत ‘लागणे’ या एकाच क्रियापदाची वाक्ये दोन पाने भरून लिहून आणली होती: भूक लागली, ठेच लागली, वेळ लागेल, पैसे लागतील, भाजी तिखट लागते, डोळा लागला, आंब्याला मोहोर लागला, निकाल लागला, लग्न लागले, पाऊस पडू लागला, जावे लागले, आणि शेवटी शेजारणीने विचारलेले “ते तुमचे कोण लागतात?” त्याचे म्हणणे असे की हे एकच क्रियापद असणे शक्य नाही, मी त्याच्यापासून काहीतरी लपवतो आहे. त्या दिवशी मी मोल्सवर्थचे ‘लागणें’ पडद्यावर उघडले. क्रमांक घालून एकाखाली एक लावलेले अर्थ वाचत गेलो, तसे वर्गाच्या हळूहळू लक्षात आले की चिकटणे, स्पर्श होणे हा मुळातला अर्थ धरला तर भूक माणसाला चिकटते, ठेच पायाला चिकटते, नातेही माणसाला चिकटते, आणि पसरलेला पसारा एका धाग्यात येऊ लागतो. व्याकरणाच्या पुस्तकातून हे मला इतक्या सोप्या रीतीने कधी सांगता आले नव्हते. अर्थात “मला बस लागते” हे वाक्य १८५७ च्या कोशात सापडणार नाही. ते मलाच ओकारीचा अभिनय करून समजवावे लागले.

दुसरी सोय शोधाच्या रीतीची. केवळ मुख्य शब्दांत न शोधता कोशाच्या संपूर्ण मजकुरात शोध घेता येतो, म्हणजे हा मराठी-इंग्रजी कोश उलट्या बाजूनेही वापरता येतो. आंब्याचा इंग्रजी शब्द टाकून मोल्सवर्थमध्ये शोध घ्यावा. मग बाठा आणि कोय, आंबे पिकायला घालतात ती आढी, झाडावरच पिकू लागलेला पाड, अशी एका फळाभोवतीची सगळी वस्ती समोर येते. शिक्षकाने अशा शोधातून एका विषयावरची शब्दसूची अर्ध्या तासात करावी आणि वर्गात वाटावी. धारवाडकडच्या एका शिक्षिकेने ही सूची वाचून आपल्या घरच्या आढीचे कानडीत जे वर्णन केले, ते मला फारसे कळले नाही, पण त्यानंतर ती वर्गात प्रथमच न अडखळता मराठीत बोलू लागली. प्रत्येक नोंदीपाशी छापील पुस्तकाचा पृष्ठक्रमांक दिलेला असतो, हेही लेखन करणाऱ्यांना उपयोगाचे आहे.

आता अडचणी. मोल्सवर्थचे शुद्धलेखन त्याच्या काळाचे आहे. ‘करणें’, ‘नाहीं’, ‘केळें’ असे अनुस्वार तेथे आहेत, आणि मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी ते लेखनातून गेल्यामुळे आजचा विद्यार्थी त्यांना ओळखत नाही. ‘करणे’ शोधायला निघालेल्याने हा अनुस्वार मनात ठेवला नाही तर शब्द कोशातच नाही असे त्याला वाटू शकते. त्याहून मोठा धोका अर्थांच्या वयाचा आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने ‘पावणे’ म्हणजे हाती येणे, पोचणे हा अर्थ कोशातून उचलला आणि कचेरीतल्या साहेबांना ईमेल लिहिला की “आपले पत्र पावले”. आपल्या आजोबांच्या पत्रव्यवहारात हे वाक्य अगदी शोभले असते. कचेरीत मात्र आठवडाभर सगळे त्याला “काय हो, देव पावला का?” असे विचारत राहिले. कोशात चूक काहीच नव्हती. कोणता अर्थ आज जिवंत आहे हे सांगणारे कोणी शेजारी नव्हते, आणि ती जबाबदारी माझी होती. जातींविषयीच्या आणि स्त्रियांविषयीच्या काही नोंदींत एकोणिसाव्या शतकाचे पूर्वग्रहही जसेच्या तसे उतरले आहेत, तेव्हा त्या वर्गात उघडण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः वाचून घ्याव्यात.

म्हणून विद्यार्थ्याच्या हाती मी बर्नसन यांचा कोश देतो. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या आणि फलटणला स्थायिक झाल्या. तेथे त्यांनी मुलांच्या शिक्षणाचे मोठे काम उभारले, आणि जाई निंबकर यांच्यासह परभाषकांसाठी मराठी शिकण्याची पुस्तके तयार केली. १९८०च्या दशकाच्या आरंभी निघालेला त्यांचा हा कोश आटोपशीर आहे, शुद्धलेखन आजचे आहे, आणि अर्थ थोडक्यात व चालू बोलीतले आहेत. मराठी स्वतः शिकलेल्या व्यक्तीने तो केला असल्यामुळे परभाषक कोठे अडतो याची जाण त्यात जाणवते. पहिले तीन महिने याबाहेर जाण्याची कोणालाही गरज नाही, असे माझे मत आहे.

दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून खंडाखंडाने निघत गेला. मराठी शब्दाचा अर्थ तो मराठीतच सांगतो, त्यामुळे नवशिक्याला तो निरुपयोगी, पण ज्याला मराठी कादंबरी वाचायची आहे त्याला याच्याशिवाय गत्यंतर नाही. शब्दापुढे कंसात ‘को.’, ‘व.’, ‘ना.’, ‘गो.’ असे प्रदेशाचे संक्षेप (कोकण, वऱ्हाड, नागपूर, गोवा) असतात. नागपूरहून बदलून आलेल्या सहकाऱ्याचा शब्द पुण्यात का कळत नाही, याचे उत्तर पुष्कळदा तेथे सापडते. वझे यांचा कोश मी क्वचितच उघडतो. तुळपुळे-फेल्डहाउस कोश यादवकालीन मराठीचा आहे, आणि ज्ञानेश्वरी किंवा लीळाचरित्र वाचणाऱ्यांनीच त्याकडे वळावे.

एक उणीव या सर्व कोशांना समान आहे आणि ती शिकणाऱ्याला फार छळते. मराठीत नामाला प्रत्यय लागण्याआधी त्याचे सामान्यरूप होते, आणि विद्यार्थी वाचतो ते सामान्यरूपच. पाटीवर ‘देवळात’ आणि ‘विहिरीजवळ’ असे लिहिलेले असते. कोशात ‘देऊळ’ आणि ‘विहीर’ असतात. ‘गेला’ पाहून ‘जाणे’ शोधावे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. हे कळेपर्यंत कोश उघडून तो रिकाम्या हाताने परत येतो आणि दोष स्वतःला देतो. आजच्या तंत्रज्ञानात अशा रूपांवरून मूळ शब्दाकडे नेणारी सोय अवघड नसावी. उच्चाराचेही तसेच: आवाज ऐकण्याची सोय नाही, त्यामुळे ‘चार’ आणि ‘चारा’ यांतल्या ‘च’चा फरक विद्यार्थ्याला कोणातरी माणसाच्या तोंडूनच ऐकावा लागतो. शिवाय दाते-कर्वे सोडले तर बाकीचे चारही कोश अर्थ इंग्रजीत देतात. ज्याचे इंग्रजी कच्चे आहे पण हिंदी पक्के आहे अशा नोकरदाराला येथे दार बंदच आहे.

तरीही पैसे भरून घ्यायच्या साधनांपेक्षा हे उजवे ठरते. एका अ‍ॅपची वर्षभराची वर्गणी मी वर्गासाठी भरली होती; त्याचा धडा तिसराच असेल, त्यात ‘माझी पुस्तक’ असे छापलेले होते. हिंदीतले स्त्रीलिंगी पुस्तक मराठीत नपुंसकलिंगी होते, एवढेही ज्याने तपासले नाही त्याच्या पुढच्या धड्यांवर भरवसा काय ठेवायचा? या कोशांत नामापुढे लिंग नोंदवलेले असते, आणि ‘वेळ’सारखा दोन्ही लिंगांत चालणारा शब्द आला की “किती वेळ लागला” आणि “कोणती वेळ ठरली” यांतला भेद वर्गात दाखवायला आयते निमित्त मिळते.

केवळ कोशावर मराठी शिकवता येत नाही, हे शिक्षकांना सांगायला नको. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेसह अमराठी भाषकांसाठी ‘माय मराठी’ हा अभ्यासक्रम केला आहे, आणि पुण्यात डेक्कन कॉलेजच्या आवारात केंद्र सरकारचे पश्चिम विभागीय भाषा केंद्र आहे, जेथे अन्य राज्यांतील शिक्षक दहा महिने राहून मराठी शिकतात. अशा वर्गांच्या जोडीला हे संकेतस्थळ ठेवावे.

नव्या तुकडीला मी पहिल्या आठवड्यात बर्नसन उघडून देतो, आणि सोबत सामान्यरूपांची एक पानाची यादी देतो, म्हणजे ‘देवळात’वरून ‘देऊळ’ कसे गाठायचे ते कळते. मोल्सवर्थ चौथ्या महिन्यात, तोही पडद्यावर, सगळे एकत्र बसलेले असताना. तमिळ भाषक अधिकाऱ्याने मात्र तो घरीही उघडायला सुरुवात केली आहे; परवा त्याने ‘लागणे’ची वही बाजूला ठेवून ‘पडणे’ची नवी वही काढल्याचे सांगितले.